नकाशावरचा पिवळा भाग

डेल्फीन गुडस्काय माझी मावसबहीण. एकोणीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली. ट्विन हेरॉनच्या आमच्या आदिवासी जमातीच्या राखीव मुलखात असं एकही घर नव्हतं, जिथलं कुत्रं तिला नावानिशी माहीत नव्हतं. पत्ता मात्र कुणालाच नव्हता. टपाल पोस्टातल्या पेट्यांत यायचं. कुणाचं घर सांगायचं झालं तर आम्ही म्हणायचो, "फाइनडेंच्या पुढं, जुनं दुकान होतं तिथून डावीकडं." ते दुकान जळून वीस वर्षं झाली होती. आम्हाला बरोबर कळायचं. बाहेरच्याला कळायचं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचं आम्हाला थोडं बरंच वाटायचं.

मग आमच्या क्लाइडमामाला झटका आला.

फेब्रुवारीतली दुपार होती. मामा टेबलाशी बसून मासेमारीचं जाळं दुरुस्त करत होता, तो तिथंच कलंडला. मामीनं तातडीच्या मदतीच्या नऊशे अकरा नंबरला फोन लावला. तो फोन जातो तीस मैलांवर, न्यूक्विस्ट गावात, काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, शेरीफच्या कचेरीच्या तळघरात. तिथल्या बाईनं विचारलं, "पत्ता?" मामी म्हणाली, "लाल घर, खडीच्या खाणीच्या पलीकडं." आता खाणीच्या पलीकडं लाल घरं होती तीन. सरकारनं एकाच वर्षी बांधलेली, एकाच डब्यातल्या रंगानं रंगवलेली. काउंटीची रुग्णवाहिका आली, चुकीच्या दारात गेली, वळली, पुन्हा चुकली.

डेल्फीन दुपारच्या फेरीवर होती, बसमध्ये अकरा मुलं. खाणीपाशी तिला रुग्णवाहिका उलट्या दिशेनं येताना दिसली. तिनं बस रस्त्यात आडवी घातली, खाली उतरली आणि काचेवर थाप मारली.

"कुणाला शोधताय?"

"लाल घर. म्हातारा माणूस. कोसळलाय."

"जाळी विणणारा?"

"बाई, ते आम्हाला काय माहीत!"

"माझ्या मागं या," असं म्हणून ती बसमध्ये चढली, मुलांना म्हणाली, "घट्ट धरा," आणि पिवळी बस पुढं, रुग्णवाहिका मागं अशी ती वरात मामाच्या दारात पोचली. पन्नास मिनिटं गेली होती.

मामा वाचला. पण उजवा हात गेला आणि वाचा गेली. हा माणूस जेवणाआधी चार शब्द बोलायला उभा राहिला की लोकांचं सूप गार व्हायचं. आमच्या भाषेतल्या जुन्या गोष्टी त्याच्याइतक्या कुणालाच येत नव्हत्या. त्याच्या तोंडात आता एकच शब्द उरला: "होवा!" लोक 'अरे बापरे' म्हणतात ना, तसं आम्ही 'होवा' म्हणतो. भूक लागली, होवा. नातू आला, होवा. रडू आलं, तरी होवाच.

ठरलेला मार्ग सोडून बस नेली म्हणून शाळेनं डेल्फीनला लेखी ताकीद दिली. तिनं तो कागद बसच्या आरशाखाली चिकटवला आणि पुढच्याच आठवड्यात जमातीच्या कौन्सिलसमोर उभी राहिली.

मी तेव्हा जमातीच्या रस्ते खात्यात खडीचे रस्ते सपाट करायचा ग्रेडर चालवायचो, म्हणून मलाही बोलावलं होतं. सभा तापली होती. एक म्हणाला, काउंटीवर खटला भरा. दुसरा म्हणाला, त्यांना आमच्या माणसांची किंमतच नाही. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "आम्ही सहा वर्षं पत्रं पाठवतोय. काउंटीचं उत्तर एकच असतं, तुमच्या रस्त्यांना नावं नाहीत."

"नाहीतच ना," डेल्फीन म्हणाली.

तिकडचं म्हणणं आपल्या माणसाच्या तोंडून ऐकायची आम्हाला सवय नव्हती.

"त्यांना माहीत नाही, हा त्यांचा दोष. आपल्याला माहीत आहे आणि आपण सांगितलं नाही, हा कुणाचा? मला सगळी घरं माहीत आहेत. एक गाडी द्या, हा लेनी द्या आणि ही उन्हाळ्याची सुट्टी द्या. मी लिहून काढते."

लेनी म्हणजे मी. मला कुणी विचारलंच नाही.

पण आपण लिहून काढलेलं न्यूक्विस्टच्या तळघरात वापरलं गेलं नाही तर काय उपयोग? म्हणून डेल्फीन आधी तिकडं गेली, एकटी, न कळवता. तिथं मर्व्ह लुंड नावाचा माणूस होता. बावीस वर्षं कानाला फोन लावून बसलेला, पोट सुटलेलं, आवाज मात्र रेडिओवाल्यासारखा मऊ. तो जरा बिचकला. आमच्याकडून कुणी आलं तर ते भांडायलाच, असा त्याचा अनुभव.

"मी ओरडायला आले नाही," ती म्हणाली. "मला तुमचा नकाशा बघायचाय."

भिंतभर नकाशा होता. न्यूक्विस्टकडच्या शेतकऱ्यांच्या बाजूला प्रत्येक रस्ता, प्रत्येक घर, बारीक अक्षरांत. मध्ये आमचा मुलूख नुसता फिकट पिवळा. तळी होती, घरं नव्हती.

"या पिवळ्यात कोण राहतं असं वाटतं तुम्हाला?" तिनं विचारलं.

मर्व्हनं मान खाली घातली. "बाई, मला रोज हाच प्रश्न पडतो. तिथून फोन आला की मी नकाशाकडं बघतो, तर तिथं नुसता पिवळा. लोक घाबरलेले असतात, काय काय सांगतात, मला त्यातलं अर्धं कळत नाही. मी विचारत राहतो, ते चिडतात. मग मला उद्धट म्हणतात."

तिला वाटलं होतं, भिंतीशी बोलावं लागणार. समोर निघाला माणूस. मर्व्हनं तिला जास्तीचा हेडफोन दिला. "दिवसभर ऐका. फक्त बोलू नका, नियम आहे."

साडेतीन वाजता आमच्याकडचा फोन आला. कुणी बाई रडत होती, मुलगा छपरावरून पडलाय, मागं एकदा बस उलटली होती तिथून पुढं, बीव्हर प्राण्यांनी बांधलेल्या धरणापाशी. मर्व्हनं विचारलं, "कुठलं धरण?" बाई आणखी रडायला लागली. डेल्फीननं पाच सेकंद दम धरला. मग बोलली.

"टिना, मी डेल. पोरगा बोलतोय का? बरं. त्याला हलवू नकोस. तुझ्या निळ्या ट्रकचे दिवे लाव आणि ट्रक रस्त्याकडं तोंड करून उभा कर." आणि मर्व्हकडं वळून, "मोठ्या रस्त्यानं सात मैल, पाण्याच्या टाकीला उजवीकडं, दुसऱ्या पुलानंतर पहिलं घर. गाडीवाल्याला सांगा, कुत्रं काळं आहे, भुंकतं फार, चावत नाही."

रुग्णवाहिका एकदाही न चुकता पोचली. मुलाचा पाय मोडला होता, बाकी ठीक होता. मर्व्हच्या साहेबानं विचारलं, फोनवर बाहेरची बाई कशी बोलली? मर्व्ह म्हणाला, "मीच सांगितलं होतं." बावीस वर्षांतली ती त्याची पहिली थाप.

त्या उन्हाळ्यात आम्ही सेहेचाळीस रस्ते पालथे घातले. मी चालवायचो, ती मैलांचा काटा बघून लिहायची. दुपारी कुणाच्या ना कुणाच्या घरी जेवायला बसवायचेच. तळलेली भाकरी, हरणाचं सूप आणि वर टोमणे. "काय गं डेल, आता काउंटीसाठी हेरगिरी करतेस?" ती म्हणायची, "हो ना. तुमच्या सूपात मीठ जास्त असतं, ते पण लिहून घेतलंय."

तिची चूक झाली ती ऑगस्टा किंगबर्डबाईंच्या दारात. कौन्सिल आणि काउंटीनं घरांना नंबर द्यायचं ठरवलं होतं, आणि काम लवकर व्हावं म्हणून आम्ही पाट्या ठोकतच निघालो. ऑगस्टाबाई घरी नव्हत्या. आम्ही फाटकाशी हिरवी पाटी ठोकली आणि पुढं गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी डेल्फीन उठून बघते तर तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती पाटी, खांबासकट, मातीसकट. आणि शेजारी ऑगस्टाबाई, ब्याऐंशी वर्षांच्या, चहा पीत बसलेल्या.

"तुझी वस्तू माझ्या दारात राहिली होती," त्या म्हणाल्या.

"आजी, ती तुमच्या घराची आहे. रुग्णवाहिकेला सापडावं म्हणून."

"मला एकदा नंबर होता, पोरी. सहा वर्षांची होते. सरकारी माणसांनी निवासी शाळेत नेलं, केस कापले आणि सांगितलं, तू अठ्ठावन्न. माझ्या उशीवर अठ्ठावन्न, चमच्यावर अठ्ठावन्न. नऊ वर्षं मला कुणी नावानं हाक मारली नाही. आता मेले तरी चालेल, पण नंबर नको."

डेल्फीननं पाटी उचलून दाराबाहेर ठेवली. ती मला नंतर म्हणाली, "लेनी, मला शरम वाटली. मी घरं मोजत होते. आत कोण बसलंय ते मला सगळ्यात जास्त माहीत होतं, आणि मीच न विचारता खिळा ठोकला."

तिनं आठ दिवस एकही पाटी लावली नाही. मग एका सकाळी ऑगस्टाबाईंच्या दारात गाडी उभी केली. "आजी, चला, एक चक्कर मारून येऊ. काही ठोकणार नाही." त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं आणि मैलांचा काटा शून्यावर आणला. "आता हा आकडा बघत राहा." गाडी हळूहळू परत निघाली. पाव मैल, अर्धा मैल, एक मैल. बाईंच्या फाटकाशी काटा म्हणाला एक पूर्णांक चोवीस.

"पाटीवर काय होतं, आजी?"

"बाराशे चाळीस."

"तो तुमचा नंबर नाही. तो रस्त्याचा आहे. मैलाला हजार धरून मोठ्या रस्त्यापासून इथवर किती अंतर, एवढंच तो सांगतो. तुम्ही मुलीकडं राहायला गेलात तर तो तुमच्याबरोबर येणार नाही. इथंच राहील, या मातीत."

ऑगस्टाबाईंनी काट्यावर बोट ठेवलं. "म्हणजे तो माझ्यावर नाही."

"नाही."

"आणि रस्त्याला नाव कोण देणार? की त्यालाही आकडाच?"

"काउंटी म्हणते आकडा. जमाती रस्ता क्रमांक एक ते सेहेचाळीस."

"मग काउंटीला सांग," बाई म्हणाल्या, "हा घुबडाचा रस्ता आहे. माझ्या आजीच्या वेळेपासून आहे. गूकोकोओ मिकाना. तसं लिहिलंस तर पाटी लाव."

नावं ठरवायला म्हाताऱ्यांची बैठक क्लाइडमामाच्या घरी भरली. तो घराबाहेर फारसा पडत नव्हता म्हणून. डेल्फीन एकेक रस्ता सांगायची, लोक नाव सुचवायचे, आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की शेवटी सगळे मामाकडं बघतात. त्याला शब्द येत नव्हते, पण समजत सगळं होतं. नाव पटलं तर ठसक्यात, "होवा!" नाही पटलं तर नाक मुरडून, लांबट, "होऽवा..." एका रस्त्याला कुणीतरी स्वतःच्या बापाचं नाव सुचवलं, तेव्हा मामानं जो होवा काढला त्याचा अर्थ इथं लिहिण्यासारखा नाही. लोक हसून हसून रडले. मामी आत जाऊन खरंच रडली. आजारपणानंतर त्याच्याकडं कुणी मत मागितलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा.

आता राहिलं काउंटीचं बोर्ड. पाच सभासद, त्यातले रॉजर ट्वेट सगळ्यात जुने. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना आडवं पडायची हौस. सभागृहात एका बाजूला आमचे लोक, एका बाजूला त्यांचे. ट्वेटनी यादी हातात धरली, चष्मा वर केला, खाली केला.

"ही नावं माझ्या जिभेवर बसत नाहीत. फोनवरच्या माणसाला घाईत ही उच्चारता येतील का? जीव जाईल कुणाचा. आकडे सोपे."

डेल्फीन उठायच्या आत मागून मर्व्ह लुंड उठला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. खिशातून चुरगळलेला कागद काढला आणि वाचायला लागला. सेहेचाळीसच्या सेहेचाळीस नावं. मिकिनाक, म्हणजे कासव. झिंग्वाक, म्हणजे पाइनचं झाड. काही नावांची त्यानं पार वाट लावली, आमच्या बाजूनं खसखस पिकली. पण 'गूकोकोओ' त्यानं असं म्हटलं की शेवटच्या रांगेतून ऑगस्टाबाई मोठ्यानं म्हणाल्या, "बघा! घुबडालासुद्धा कळेल."

"मी तीन आठवडे म्हणतोय," मर्व्ह म्हणाला. "दाढी करताना. बायको वैतागलीय. पण येतं. मला येतं तर कुणालाही येईल."

मग डेल्फीन बोलली. "ट्वेटसाहेब, तुमचं आडनाव मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा तीनदा चुकले. तुम्ही दुरुस्त केलंत. आता चुकत नाही. तुमच्या आजोबांनी या देशात बोटीवरून उतरताना नावाऐवजी आकडा घेतला असता तर मला सोपं गेलं असतं. पण त्यांनी घेतला नाही, आणि बरंच केलं."

न्यूक्विस्टच्या लोकांना हसू आवरेना. ट्वेट स्वतःही हसले, पण मत विरोधातच दिलं. बाकी चौघांनी बाजूनं दिलं. अट एकच घातली: फोनवर बसणाऱ्या प्रत्येकाला डेल्फीननं शिकवायचं. त्याच बैठकीत दुसरा करारही झाला. जमातीनं स्वतःची एक रुग्णवाहिका घ्यायची, ती आमच्या दवाखान्यापाशी उभी राहील. माणसं दोन्हीकडची, फोन एकच, आणि हद्द कुठलीही असो, जी गाडी जवळ ती जाईल.

हे शेवटचं वाक्य कुणाच्या विशेष लक्षात आलं नव्हतं. ते कळलं दुसऱ्या वर्षी, गवत कापणीच्या दिवसांत. आमच्या हद्दीपासून तीन मैल पलीकडं ऑरिन हॉगेन नावाचा दूधवाला शेतकरी राहायचा. त्याचा हात गवताच्या यंत्रात अडकला. न्यूक्विस्टहून गाडी यायला पस्तीस मिनिटं. आमची गाडी अकरा मिनिटांत पोचली. चालवत होती टिना, जिचा मुलगा छपरावरून पडला होता ती. मधल्या काळात तिनं प्रशिक्षण घेतलं होतं. हात गेला, पण ऑरिन राहिला. डॉक्टर म्हणाले, आणखी दहा मिनिटं रक्त गेलं असतं तर अवघड होतं.

शरद ऋतूत ऑरिन आमच्या दवाखान्यापाशी आला, एका हातानं ट्रक चालवत. घरच्या सॉसेजचं खोकं आणलं होतं. डेल्फीन तिथंच होती. तो म्हणाला, "बाई, माझा बाप त्याच शेतात गेला, गाडीची वाट बघत. आम्हाला वाटायचं, टोकाला राहतो, आपलं नशीब. तुमच्याकडंही असंच असेल, हे कधी डोक्यातच आलं नाही."

"आमच्याही नाही," ती म्हणाली. "आम्हाला वाटायचं, तुमच्या दारात गाडी उभीच असते."

मग तिनं खोकं उघडलं. "हे तिखट आहे का?"

"नॉर्वेजियन लोक आहोत आम्ही. तिखट कुठून असणार?"

डेल्फीनला कौन्सिलनं कार्यालयात टेबल-खुर्ची देऊ केली होती. ती दोन वर्षं बसली आणि परत बसवर गेली. म्हणाली, खुर्चीवरून काही दिसत नाही. पण शिकवायची अट तिनं आपल्या पद्धतीनं पाळली. फोनवर नवा माणूस लागला की त्याला सप्टेंबरच्या एका सकाळी साडेसहाला तिच्या बसमध्ये बसावं लागायचं. पहिल्या थांब्यापासून शाळेपर्यंत. शिकवायची मुलं. पहिलीतली पोर दात पडलेल्या तोंडानं पोलिसी गणवेशातल्या धिप्पाड माणसाला दटावायची, "असं नाही म्हणायचं! परत म्हण." आणि तो बिचारा परत म्हणायचा.

मर्व्ह निवृत्त झाला तेव्हा त्याचा निरोपसमारंभ आमच्याकडं झाला. क्लाइडमामा त्याच्या आदल्या हिवाळ्यात गेला होता. ऑगस्टाबाई मात्र आल्या. त्यांनी मर्व्हला रजई दिली, हातानं शिवलेली. तो बोलायला उभा राहिला आणि त्याला एक वाक्य पुरं करता आलं नाही. ज्याचा आवाज ऐकून घाबरलेली माणसं तीस वर्षं शांत होत आली, तो माणूस हुंदके देत होता. डेल्फीननं त्याच्या पाठीवर थाप मारली. "बस खाली मर्व्ह. सूप गार होतंय."

आता ती सत्तरीची आहे. बस सोडली, पण जमात आणि काउंटीची जी संयुक्त समिती आहे तिच्यात आहे. तिथं सध्या बर्फ काढायच्या नांगरावरून, म्हणजे पुढं पातं लावलेल्या ट्रकवरून, रण माजलंय. नांगर एकच घ्यायचा, दोघांनी मिळून वापरायचा, इथवर सगळ्यांचं एकमत. पहाटे आधी कुणाचा रस्ता साफ करायचा, यावर अडलंय. ट्वेट वारले, पण त्यांची मुलगी निवडून आलीय, आणि तिलाही आडवं पडायची तीच हौस.

गेल्या मंगळवारी मी समितीच्या खोलीबाहेर किल्ल्या हातात घेऊन बसलो होतो. नांगर चालवणार मीच, म्हणून बोलावलेलं. आतून डेल्फीनचा आवाज येत होता.

"शाळेची बस ज्या रस्त्यानं जाते तो आधी. मग दूधवाल्यांचा. मग दवाखान्यात कामाला जाणाऱ्यांचा. यात तुमचा-आमचा आहे कुठं, मला दाखवा बघू!"

ट्वेटची पोर काहीतरी म्हणाली. मग खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला, नकाशा उलगडल्याची सळसळ झाली, आणि डेल्फीननं दार उघडून मान बाहेर काढली.

"लेनी, आत ये. ही म्हणते, तिच्या घराकडच्या चढावर नांगर चढणारच नाही. तूच सांग तिला."